नदीत गेलेला बॉल

उजव्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढायची, आतला लाल भाग समोरच्याला दाखवायचा आणि म्हणायचं, "या डोल्यानी बगलाय, भाऊ!" एवढं झालं की तांडेलच्या दृष्टीनं विषय संपला. वर कोणी शंका काढली तर तो दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढायचा.

तांडेल हे त्याचं नाव नव्हे. होडीवरच्या म्होरक्याला कोळी लोक तांडेल म्हणतात, म्हणून मिलमध्ये सगळे त्याला तसं म्हणत. मूळचा प्रभादेवीच्या किनाऱ्यावरचा. तरुणपणी मालवाहू बोटीवर खलाशी होता, मग आमच्या मिलच्या बॉयलरवर लागला. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. गिरगावातून येत होतो, कॉलेजची इंटरची परीक्षा पास झालो होतो आणि ते कोणी विसरू नये याची काळजी घेत होतो.

मिलची फुटबॉलची टीम होती. तिचा पहिला भक्त तांडेल. मॅच असली की गळ्यात लाल लोकरी मफलर, मे महिना असला तरीही. बसायचा मात्र नाही. गोलच्या मागे उभा राहायचा आणि बॉल बाहेर गेला की धावत जाऊन आणायचा. "इथं येऊन बसा की," असं एकदा म्हटलं, तर म्हणाला, "बॉल आननारा नसंल तं मॅच कशी व्हनार?"

मफलरची कथा त्यानं मला शंभरदा तरी सांगितली असेल. त्याची बोट दुरुस्तीसाठी विलायतेतल्या एका बंदरात महिनाभर अडकली होती. तिथल्या गोदीतल्या कामगारांशी त्याची दोस्ती जमली. त्यांनी त्याच्या गळ्यात आपल्या टीमचा मफलर घातला, बसमध्ये बसवलं आणि मॅच बघायला दूरच्या गावी नेलं.

"तीन बाजूला मानसां, चौथे बाजूला नदी," तांडेल सांगायचा. "जरा जोरान मारला का बॉल पान्यान. मंग एक म्हातारा होरी घेऊन जातो नि बॉल आनतो. होरी तरी कसली, टोपली! म्हावऱ्याची गोल टोपली असती ना, तशी. नि वल्हा बाजूला नाय मारीत, पुढं मारतो. असा." आणि तो हवेत दोन्ही हातांनी इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा जण जमलेले असताना मी त्याला पकडलं. "तांडेल, मॅच कोण जिंकलं?"

त्यानं डोकं खाजवलं. "ता काय ध्यानात नाय."

"दोन तास मॅच बघितली आणि कोण जिंकलं ते माहीत नाही?"

"मी त्या होरीकडंच बगत व्हतो ना, भाऊ."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कोर्टातल्या वकिलासारखे हात झटकले. त्या दिवसापासून मिलमध्ये थाप मारणाऱ्याला लोक 'टोपलीत बसला' म्हणू लागले. हा शब्द माझा. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता. कोळी माणूस मैदानाशेजारी नव्याच तऱ्हेची होडी बघितल्यावर बॉलकडे कशाला बघेल, एवढं साधं माझ्या इंटर झालेल्या डोक्यात आलं नाही.

इथवर गंमत होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पुढचं सांगायला मात्र मला जड जातं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका हरताळाच्या दिवशी मिलच्या फाटकावर दगडफेक झाली आणि टाइम ऑफिसच्या काचा फुटल्या. मॅनेजमेंटला कोणाला तरी धरायचं होतं. त्यांनी डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या सखाराम नावाच्या कामगाराला धरलं. सभांना माणसं गोळा करण्यात तो पुढे असे, तेवढं कारण पुरलं. मिलमध्येच चौकशी बसली. जबान्या लिहून घ्यायला मी होतो.

सखारामच्या बाजूनं एकच साक्षीदार आला, तांडेल. म्हणाला, "त्या टायमाला सखाराम माजे घरा व्हता. आमची होरी वर ओढायला आल्ता. सकालपासून दुपारपर्यंत."

"कशावरून?" चौकशीला बसलेल्या साहेबानं विचारलं.

तांडेलनं सवयीनं बोट डोळ्याकडे नेलं. "या डोल्यानी..."

मागे बसलेला कोणीतरी फिसकन हसला. साहेबानं माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो, नदीत टोपलीवाला बघितलेला तो हाच ना?"

तांडेलनंही माझ्याकडे बघितलं. पापणी ओढलेलं बोट तसंच होतं. तो खरं बोलतोय हे मला माहीत होतं. सात वर्षांत हजेरीच्या बाबतीत त्यानं मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं; उशीर झाला तर स्वतः येऊन 'उशीर लिवा' म्हणायचा. हे एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण नोकरी नवी नसली तरी भीती होती, आणि खरं सांगायचं तर माझा विनोद साहेबापर्यंत पोचला याचा आत कुठेतरी आनंदही झाला होता. मी हसलो आणि होकारार्थी मान हलवली.

'साक्षीदार विश्वास ठेवण्याजोगा नाही.' कागदावरचं हे अक्षर माझं आहे. चांगलं, वळणदार. सखारामची नोकरी गेली. महिन्याभरात बायको-पोरं घेऊन तो गावी गेला.

तांडेल माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मीच एकदा फाटकाशी त्याला गाठून म्हटलं, "तांडेल, माझं चुकलं." तर तो म्हणाला, "तुमी शिकलेली मानसां. तुमी बोल्लात खोटा, म्हंजे खोटाच." त्यानंतर त्याच्या गळ्यात मफलर दिसला नाही आणि बोट डोळ्याकडे गेलं नाही. पुढल्या वर्षी नोकरी सोडून तो पुन्हा होडीवर गेला. प्रभादेवी मिलपासून किती लांब? चालत वीस मिनिटं. मी गेलो नाही.

बरीच वर्षं लोटली. मुलगी लग्न होऊन विलायतेला गेली आणि मी निवृत्तीनंतर तिच्याकडे काही महिने राहायला गेलो. जावयाला फुटबॉलचं वेड. एका शनिवारी माझ्या गळ्यात त्याच्या टीमचा मफलर घालून त्यानं मला परगावच्या मॅचला नेलं. मैदानात शिरलो आणि जागीच थांबलो. तीन बाजूंना माणसं, चौथ्या बाजूला झाडी आणि झाडीमागे नदी.

अर्ध्या तासानं कोणीतरी जोरात लाथ मारली आणि बॉल झाडांवरून पलीकडे गेला. मी उठून कठड्याशी गेलो. झाडांच्या फटीतून दिसलं, एक माणूस गोल टोपलीत बसून पाण्यावरून चालला होता. वल्हं पुढे मारत होता. इंग्रजी आठचा आकडा. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझी मान वर होत नव्हती.

मुंबईला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रभादेवीला गेलो. घर सापडलं. तांडेल जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची म्हातारी दारात जाळं विणत बसली होती. मी कोण ते सांगितलं. मिलचं नाव ऐकून तिचे हात थांबले. मी म्हटलं, "मावशी, तांडेल सांगायचे ते मैदान मी बघून आलो. नदी आहे. टोपलीही आहे. अगदी तशीच." चौकशीचंही सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, बस म्हणाली नाही. जाळं बाजूला ठेवून एवढंच विचारलं, "मंग मॅच कोन जिकला? तेनला कवा सांगताच नाय आला."

मी तोंड उघडलं, आणि मला आठवेना.