सतरा नंबरची तक्रार

ऑफिसात त्याला मुनी म्हणायचे. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात अकरा वर्षं काढलेला माणूस, पण त्याचा आवाज नीट ऐकलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. मुद्दाम तोंडात मिठाची गुळणी धरायचा असं नव्हे. त्याला काही सुचेपर्यंत विषय बदललेला असायचा, एवढंच. चहाला सगळे खिडकीपाशी जमत आणि मुनी आपला कप घेऊन थांब्यांची यादी तपासत बसे.

त्याचं खरं काम सकाळी सहा ते आठ. एका खोलीचं घर, टेबलावर कंप्युटर आणि दोन खुर्च्या. त्यातल्या दुसरीवर कायम इस्त्रीचे कपडे बसलेले. प्रोग्राम लिहायचा एक कोड एडिटर आहे, हौशी लोकांनी मिळून बनवलेला. कुणीही फुकट घ्यावा, आतलं सगळं उघडून वाचावं. मुनीने त्याला जोडायला एक छोटं प्लगइन लिहिलं होतं. ज्या स्क्रिप्टच्या भाषेत तो काम करी, तिच्यात ओळ समासापासून किती आत सरकली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. डोळ्यांनी अधू माणसाची इथे पंचाईत होते. मुनीचं प्लगइन प्रत्येक ओळीला एक स्वर वाजवी. ओळ जितकी आत, तितका स्वर वरचा. त्याच्या स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर पट्टी होती, तेव्हा सुचलेली ही युक्ती. दोन-अडीचशे लोक तिच्यावर विसंबून होते.

पुढे केलेल्या एका बदलात त्यात एक चूक शिरली होती. फाइल उघडली की पहिल्या ओळीचा स्वर दोनदा वाजे. मुनीला ती पहिल्याच आठवड्यात सापडली. एक ओळ पुसली की काम फत्ते. तो पुसणार, एवढ्यात त्याच चुकीबद्दल तक्रार आली, नंबर सतरा. लिहिणारे भूमितीचे निवृत्त मास्तर होते. नजर गेल्यात जमा, आणि या वयात प्रोग्राम शिकायची हौस. तक्रारीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘बाकी कसे आहात?’

मुनीने ते तीनदा वाचलं. हे त्याला कुणी विचारत नसे. आधीच्या सोळा तक्रारींत त्याने पाहिलं होतं की चूक दुरुस्त झाली की माणूस ‘धन्यवाद’ लिहितो आणि जातो तो जातोच. त्याने उत्तर दिलं, ‘पाहतो. मी ठीक.’ आणि ती ओळ जिथल्या तिथे ठेवली.

मग दर सोमवारी मास्तर लिहू लागले. स्वर अजून दोनदा वाजतो, एवढं एक वाक्य झालं की पुढे भरपूर मजकूर. बायको जाऊन चार वर्षं झाली. प्रोग्रामने आज त्रिकोण काढला, पण एक बाजू भिंतीबाहेर गेली. मुनीही लिहायला लागला: कुठली बस रिकामीच धावते, कुठल्या थांब्यावर कधीच कुणी उतरत नाही. फक्त ‘कसे आहात’ला त्याचं उत्तर एकच, ‘ठीक’. मास्तर कधी ‘सावकाश करा, घाई नाही’ म्हणाले की मात्र याचे कान तापत. चोराच्या मनात चांदणं.

रविवारी ताईचा फोन येई. एकदा ती म्हणाली, “अरे, कुणाशी बोलतोस का नाही दिवसभरात?”

“एक मास्तर आहेत,” मुनी म्हणाला.

“कुठे राहतात?”

ते त्याला माहीत नव्हतं. फोन नंबरही नव्हता. मागायचा तर काय म्हणून मागायचा?

अशी दोन वर्षं झाली आणि एडिटर सांभाळणाऱ्या मंडळींची सूचना आली. ज्या प्लगइनवर दोन वर्षांहून जुनी तक्रार पडून असेल, ते महिनाअखेर यादीतून काढण्यात येईल. आणि मिटलेल्या तक्रारीला कुलूप लागेल, तिच्यात पुढे कुणाला लिहिता येणार नाही. म्हणजे तक्रार ठेवावी तर अडीचशे अधू माणसांच्या हातची काठी जाणार, मिटवावी तर मुनीचा सोमवार जाणार. आठवडाभर त्याने टाळाटाळ केली. मग एका सकाळी त्याने ती ओळ पुसली. मिनिटही लागलं नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. खाली त्याने लिहिलं: ‘ही चूक मला पहिल्या आठवड्यातच सापडली होती. दुरुस्त केली असती तर तुमचं लिहिणं थांबलं असतं, म्हणून ठेवली. तुमच्या कानांना उगाच दोन वर्षं त्रास दिला. माफ करा.’ आणि त्याने तक्रार मिटवली.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मास्तर रागावले असणार, आणि रागावले तर त्यांचं काय चुकलं? ऑफिसात त्या आठवड्यात कुणीतरी त्याच्याकडे साखरेचा डबा मागितला. त्याने दिला. आठवडाभरातलं बोलणं तेवढंच.

शुक्रवारी सकाळी नवी तक्रार आली, नंबर अठरा. विषय होता, ‘स्वर आता एकदाच वाजतो’.

खाली मास्तरांनी लिहिलं होतं: ‘माझ्याकडे तो दोन वर्षांपूर्वीच एकदा वाजायला लागला. तुमचा कोड सगळ्यांना उघडा आहे, हे विसरलात? अक्षरं मोठी करकरून ओळ न् ओळ वाचली आणि माझ्यापुरती ती चूक काढली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं आपलं दोघांचं चाललं होतं. एक काढणारा, एक ठेवणारा, आणि दोघंही म्हणतात वाजतोय. हे लिहायला चार दिवस लाजलो. आता सोमवारी कसली तक्रार करू, ते तुम्हीच सांगा. बाकी कसे आहात?’

मुनीने दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उगाचच उचलून पलंगावर ठेवले. परत येऊन बसला. उत्तराच्या चौकटीत सवयीने ‘ठीक’ लिहिलं, आणि पुसलं.

मग त्याने लिहिलं, ‘बरा नाही. फार एकटं वाटतं. तुमचा फोन नंबर द्याल का?’