गुलाबांच्या वाट्याचं ऊन

"आरे, बिबड्या कोठे वाळत टाकू? तुना डोकावर?" आई खाट उचलून अंगणात ओरडत होती आणि मी कंबर धरून बसलो होतो.

जळगावच्या आमच्या घरापुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण. तिथे पहिल्यांदाच बाग करायची म्हणून मी हिवाळाभर आराखडे काढले. तेवढ्या कागदात एखादं शहर वसलं असतं. मग पहूरहून काळी माती आणली, वाफा खणला. माझं कण्हणं यावलपर्यंत ऐकू गेलं असेल. सगळ्यात कडक ऊन पडतं तिथे गुलाब लावले. दर उन्हाळ्यात आई नेमकी तिथेच ज्वारीचे पापड, म्हणजे आमच्या बिबड्या, वाळवते, एवढंच आराखड्यात नव्हतं.

पुन्हा खणायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. गुलाब हलवले तर जगणार नव्हते, आणि वर्षभराच्या बिबड्या ओल्या राहिल्या तर मी.

"आई, खाट मागच्या बाजूला टाक ना," मी दमून म्हणालो. "गुलाबांना ऊन लागतं."

तिने खाट वाफ्यावरच टाकली आणि ओलं कापड पसरत म्हणाली, "बिबड्यासले बी लागस."