शेवटची ओळ अजून पाठ आहे, सर

आमचे सर आज गेले आणि मला आधी राग आला. रडू नंतर.

शाळेच्या ग्रुपवर बठ्ठे, सगळेच लिहितायत, देवमाणूस.
खरं आहे. डबा नसला की स्वतःची भाकर मोडून द्यायचे. माझ्यावर तर जास्तच जीव.

पण शाळेत डॉक्टर तपासणीला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी सर काय करायचे ते कुणीच लिहिलं नाही.

डोळ्यांचा तक्ता फळ्यावर काढायचे. आणि पाढ्यांसारखा पाठ करून घ्यायचे.

"शेवटची ओळ?"
"ग, न, प, ल, र!"
"शाब्बास! एक पोरगं कच्चं निघायला नको. तालुक्यात नाव आहे आपलं."

आम्हाला वाटायचं, ही पण परीक्षाच.

मला फळाच धूसर दिसायचा. तरी तपासणीत मी धडाधड बोललो. सरांनी पाठ थोपटली.

नंतर फळ्यावरचं उतरवता आलं नाही की तेच सर छडी काढायचे.
"डोळे चांगले आहेत तुझे. लक्ष नाही!"

स्वतःच पाठ करून घेतलं, स्वतःच खरं धरलं.

घरी आई म्हणायची, "सर सांगी ऱ्हायनात, डोया चांगला शेतस. तूच आळशी शे."

शेजारच्या गावातल्या एका पोराला तपासणीत चष्मा मिळाला. मोठ्या अक्षरांची पुस्तकं, पुढची जागा.
आम्ही हसलो. म्हटलं, नापास झाला बिचारा.

तो शिकला. मी सातवीतच शाळा सोडली.

इथे सिल्वासाला कंपनीत मेडिकल झालं. डॉक्टर म्हणाले, पढो.
मी सुरू. "ग, न, प, ल, र."
"अरे भाई, ये तो एबीसीडी है!"

लाइनीतले सगळे हसले. मी पण.

मग डॉक्टरांनी टॉर्च मारून नीट पाहिलं. हसणं थांबलं.
"बचपन में चश्मा लगता तो आंखें बच जातीं. अब मुश्किल है."

मशीनवर घेतलं नाही. पॅकिंगला आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला ढ समजत होतो, सर. तुम्ही सांगितलं म्हणून.

येऊन विचारणार होतो. दिवाळीला येतो म्हटलं होतं. तुम्ही थांबला नाहीत.

आत्ता ग्रुपवरचा तुमचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.
हनुवटीवर तीळ आहे तुमच्या.
मला माहीतच नव्हतं. मी तुम्हाला आवाजावरून ओळखायचो.

राग गेलेला नाही.
तरी नमस्कार करतो. या, सर.