पिवळं विमान आणि दाराआडचा पत्रा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे सांगताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटणार आहे. सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी जे करून बसलोय ना, त्यानंतर मुलुंडला त्यांच्या घरी जायचं म्हटलं की मी काहीतरी कारण काढतो.

माझा छंद तुम्हाला माहीत आहेच. लढाऊ विमानांची छोटी मॉडेल्स. जोडणं सोपं हो, खरी मारामारी रंगाची! अमक्या युद्धात तमक्या विमानाचं पोट राखाडी होतं की आकाशी, यावरून आमच्या ग्रुपवर भली भली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झालीत. माझी बायको सुनीता विचारते, "आपल्या हॉलला कुठला रंग आहे, सांग बघू?" मला सांगता येत नाही.

तर सुनीताचे वडील, अण्णा. मूळचे मालवणचे. एकाहत्तरच्या युद्धात ते नॅट विमानांचे मेकॅनिक होते. लढाऊ विमानांचे स्क्रू पिळलेल्या माणसाच्या मुलीने प्रेमात पडून जावई आणला तो विम्याचे फॉर्म तपासणारा! त्यामुळे 'जेवलात?' आणि 'गाडी मिळाली?' यापलीकडे ते माझ्याशी कधी बोललेच नाहीत. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून 'वा!' ऐकायचं होतं. म्हणून ठरवलं, ऐंशीव्याला त्यांना त्यांचंच नॅट द्यायचं. अगदी अचूक रंगातलं!

पण अचूक म्हणजे कुठला? जुने फोटो काळेपांढरे. ग्रुपवर कोणी म्हणे रुपेरी, कोणी म्हणे हिरवं.

"अण्णांनाच विचार ना," सुनीता म्हणाली. "त्यांनी हात लावलाय त्या विमानांना!"

"अगं, सरप्राइज आहे! आणि माणसाची आठवण दगा देते. पुरावा लागतो, पुरावा!"

आणि पुरावा होता! अण्णांच्या स्वयंपाकघरात, दाराआड. भंगारात निघालेल्या नॅटचा पुरुषभर उंच पत्रा. अण्णांनी तो कधीकाळी मिळवून आणलेला, आणि पुढे भिंतीची ओल झाकायला स्क्रूने तिथे बसवलेला. वरून घरचा क्रीम रंग फासलेला. पण त्या क्रीम रंगाखाली काय असेल? विचारानेच माझ्या अंगावर काटा आला.

अण्णा जत्रेला गावी गेले, किल्ली आमच्याकडे ठेवून. म्हटलं, हीच वेळ. पॉलिश पेपर घेतला आणि पोचलो. क्रीम रंगावर पेन्सिलीच्या काही आडव्या रेघा होत्या, बाजूला बारीक अक्षरं. दार बसवताना सुताराने मारलेल्या खुणा असणार. लागलो घासायला!

आणि खाली काय निघालं? पिवळा. चक्क पिवळा! त्याच्याखाली थेट धातू. म्हणजे कारखान्यातून आलेला अस्सल पहिला रंग! आकडा, चिन्ह काही सापडेल म्हणून मी वरपासून खालपर्यंत सगळा पत्रा घासला. काही सापडलं नाही. मग शहाण्यासारखा वरून नवा क्रीम रंग मारला. एकदम झकास, नव्यासारखा.

ग्रुपवर शोध जाहीर केला. कांदिवलीचा रॉड्रिग्ज म्हणाला, "पिवळं फायटर? लपणार कुठे रे, झेंडूच्या मळ्यात?"

मी ताठ्याने लिहिलं, "पत्रा खोटं बोलत नाही."

वाढदिवशी मुलुंडचं घर माणसांनी गच्च भरलेलं. औक्षण झालं, आणि मी पुढे झालो. छोटंसं भाषणही ठोकलं. माणसाची आठवण दगा देते, पत्रा खोटं बोलत नाही वगैरे. मग खोका उघडला.

अण्णांनी विमान हातात घेतलं. चष्मा लावला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावयबापू, हो रंग खंयसून काढलात?"

"तुमच्याच पत्र्यावरनं, अण्णा! क्रीमच्या खालून!"

"तो गणपतीच्या मखराचो रंग," अण्णा म्हणाले. "पत्रो आणलेलो तेव्हा कोरो होतो. पयल्या वर्षी सुनीताच्या आईन तो मखराक पाठसून लावल्यान. पिवळो रंग तिनाच दिलेलो."

सगळे फुटले! मीही हसलो, काय करणार? पण सुनीता हसत नव्हती.

"एक मिनिट. क्रीमच्या खालून म्हणजे? तू पत्रा घासलास?"

ती स्वयंपाकघरात धावली. दार ओढलं. समोर माझा नवाकोरा, झकास क्रीम रंग.

"आईच्या रेघा कुठायत?"

वाट लागली. तेव्हा कळलं. दर वाढदिवसाला सासूबाई सुनीताला त्या पत्र्याला पाठ टेकून उभी करायच्या आणि डोक्यावर रेघ मारायच्या. बाजूला वय लिहायच्या. पार लग्नापर्यंत. सासूबाई आता नाहीत. त्यांच्या हातचं जे काही या घरात उरलं होतं, ते मी पॉलिश पेपरने साफ केलं होतं. वर हात फिरवून म्हटलं होतं, झकास!

कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनीता पत्र्यावर बोटं फिरवत उभी होती, आणि मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"अण्णा, चुकलो," एवढंच म्हणालो. "कसं भरून देऊ?"

अण्णा पत्र्यापाशी आले. मग खिशातली पेन्सिल काढली.

"हंय येवा. उभे रवा."

मी पत्र्याला पाठ टेकून उभा राहिलो. या वयात, शाळेतल्यासारखा, सगळ्या पाहुण्यांसमोर. अण्णांनी माझ्या डोक्यावर रेघ मारली.

"ही उंची."

मग एका हाताने दार धरून ते हळूहळू खाली वाकले आणि माझ्या घोट्यापाशी दुसरी रेघ मारली.

"आणि ही अक्कल."

आता मात्र घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. मी केविलवाणा होऊन म्हणालो, "अण्णा, इतकीच?"

सुनीताने डोळे पुसले, वाकून ती खालची रेघ नीट पाहिली आणि म्हणाली, "पत्रा खोटं बोलत नाही."

"वा!" अण्णा म्हणाले.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तो 'वा!' शेवटी मी ऐकला. तिला मिळालेला.