पाठ केलेला धडा

माझ्या पोरीला वाचता येत नाही. ढ नाही ती. बोलायला लागली की थांबत नाही, बाजारात मला हिशेब शिकवते. पण कागदावरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं जागेवर राहत नाहीत. हे कळायला मला चार वर्षं लागली. तोवर मी तिला मारलं, कोंडलं, नाही नाही ते बोलले. आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बोरी अरबजवळच्या आमच्या गावात शाळा उघडते त्या दिवशी पुस्तकं वाटतात, आणि नव्या पुस्तकातला पहिला धडा चौथीपासून पुढच्या एकेका पोराला उभं करून सगळ्या आईबापांसमोर वाचायला लावतात. चौथीत गेली तेव्हा ती उभी राहिली आणि गप्पच. पोरं फिदीफिदी हसली. एक बाई माझ्या कानाशी लागली, "पोट्टी अर्धवट हाय का वं?" पुढं आठ दिवस पोरीनं शाळेचं तोंड पाहिलं नाही.

मग यवतमाळच्या दवाखान्यात वर्षभर खेटे घालून मी कागद आणला. डोकं चांगलं आहे, फक्त वाचण्याची अडचण आहे, असं त्यात लिहिलेलं. त्या कागदावर तिला परीक्षेत जास्त वेळ मिळणार होता, आणि तालुक्याहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाई तिला वेगळं शिकवणार होत्या. तेवढा तो गुरुजींच्या हातात द्यायचा होता. पाचवीचे गुरुजीही नवे, बदलून आलेले. म्हटलं, चला, या वर्षी तरी नीट सुरुवात होईल.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

पुन्हा तिचं हसं व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. शेजारच्या पोरीचं पाचवीचं जुनं पुस्तक मागून आणलं. भर उन्हाळ्यात, दुपारी दार लोटून, तूर निवडता निवडता मी पहिला धडा वाचायची आणि ती माझ्यामागं म्हणायची. पंधरा दिवसांत धडा तोंडपाठ झाला. मग मी तिला ओळीवरून बोट फिरवायला शिकवलं, कोणत्या शब्दाला पान उलटायचं ते शिकवलं. खरं वाटावं म्हणून मधे एकदा अडखळायलाही शिकवलं. मोठी शहाणी ना मी!

शाळा उघडली. पेरणी एका दिवसासाठी बाजूला ठेवून लोक आले होते. तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि घडाघडा सुरू झाली. अडखळायचं तिथं बरोब्बर अडखळली. तोंड पान संपवून पुढं गेलं होतं, बोट मात्र अजून दुसऱ्या ओळीवरच. ते माझ्याशिवाय कोणाला दिसलं नाही. गुरुजींनी टाळ्या वाजवायला लावल्या. तीच बाई मागून म्हणाली, "बापा बापा, सुधरली की वं तुही पोट्टी!" खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

सगळे पांगल्यावर मी गुरुजींना कागद दिला. त्यांनी तो वाचला आणि हसले.

"ताई, हा कोणाचा कागद? पोरगी तर सगळ्यात चांगली वाचते. काहून तिच्यावर शिक्का मारून राह्यल्या?"

"गुरुजी, तिनं वाचलं नाही. ते मी..."

पोरीनं माझा पदर असा ओढला की खांद्याची पिन निघाली.

"माय, नको सांगू ना," ती हळूच म्हणाली. "मले आज पहिल्यांदा शाबासकी भेटली."

मी पिन उचलून पुन्हा पदराला लावली. बोलायला हवं होतं. पोरीला लबाडी मीच शिकवली, एवढं एक वाक्य. तेही तोंडातून निघालं नाही. गुरुजींनी कागद परत दिला, मी घडी करून पिशवीत टाकला. "उद्या वर्गात दुसरा धडा हिच्याकडूनच वाचून घेतो," ते कौतुकानं म्हणाले.

घरी आल्यावर तिनं शाळेचे कपडेही बदलले नाहीत. नवंकोरं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसली.

"माय, दुसरा वाच. उद्यापर्यंत पाठ कराचा हाय."

पहिल्या धड्याला आम्हाला पंधरा दिवस लागले होते. मी तिच्याकडे न बघता वाचायला सुरुवात केली, आणि ती माझ्यामागं म्हणू लागली.