सरोजिनीबाईंची पुराची गाडी

उचगावातल्या त्या गल्लीत चारचाकी घ्यायची म्हणजे नवी कोरी, पांढरी, हार घातलेली आणि शोरूमच्या दारात सहकुटुंब फोटो काढलेली. सरोजिनीबाईंनी पसंत केली अठरा वर्षं वापरलेली फोर-बाय-फोर जीप. मागं समोरासमोर बाकं, काचा हातानं सरकवायच्या, आणि चढताना पाय इतका वर टाकायचा की साडीतल्या बाईनं दोनदा विचार करावा. शेजारणींनी नाकं मुरडली. लेक अवंतिका म्हणाली, "मम्मी, कॉलेजवर न्यायला ही आणू नको हं." आणि नवरा दत्तप्रसाद आठवडाभर धुमसत राहिला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीचा सुपरवायझर माणूस. गाडी दिसली की कामगारांनी पेढे मागावेत, एवढी त्याची हौस.

"अगं, पोरं घाटात चिखल उडवायला घेत्यात असली गाडी. आपण काय जंगलात ऱ्हातोय व्हय?"

"मला पावसाळ्यात मुरगूडला जाता आलं पायजे," बाई म्हणाल्या. "बाकी मला काय कळत न्हाई."

मुरगूड बाईंचं माहेर. एकोणीस सालच्या पुरात त्यांचे वडील अण्णा तिथं वारले तेव्हा रस्ता पाण्याखाली होता. एरवी तासाभराची वाट, पण त्या दिवशी बंद. जन्मदात्याला अग्नी दिलेला बाईंनी मोबाईलवर बघितला, तोही अर्धामुर्धा, कारण रेंज जात होती. चितेच्या जागी पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. हायस्कुलात शेकडो पोरांना गप्प बसवणारी बाई त्या दिवशी फोनवर ओरडत होती, "जरा जवळ धरा की रं, अण्णांचं तोंड दिसंना." तेव्हापासून डोक्यात एकच बसलं. आक्काच्या, म्हणजे आईच्या वेळी हे होऊ द्यायचं नाही. आक्का म्हैस आणि दार सोडून लेकीकडं यायला तयार नव्हती, तेव्हा लेकीनंच जायची सोय करायची.

पहिल्याच पावसाळ्यात बाईंनी जीपची परीक्षा घेतली. मुरगूडच्या अलीकडं पाणी रस्त्यावर आलं की वरच्या अंगानं माळावरून एक पाणंद निघते, उसाच्या फडांमधून. दत्तप्रसादनं छोटा दांडा ओढला, पुढची चाकंही जोर करू लागली आणि जीप चिखल तुडवत आक्काच्या दारात जाऊन उभी राहिली. आक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीवरनं आणि जीपवरनंसुद्धा. परतताना बाई गाडीत हसत होत्या. त्यांना असं हसताना अवंतिकानं बऱ्याच दिवसांनी बघितलं.

पुढं दत्तप्रसादची कुरकुर सुरू झाली. ॲव्हरेज पडत नाही, स्टेअरिंग जड आहे, खालून आवाज येतो. जेवताना तेच, झोपताना तेच. मग एका उन्हाळ्यात कुरकुर आपोआप थांबली. बाईंना वाटलं, गाडी अंगवळणी पडली माणसाच्या. बरं वाटलं बिचारीला!

यंदा जुलैत पाणी चढलं आणि सकाळी आक्काच्या शेजारणीचा, तानाबाईचा फोन आला. "सरू, आक्कांना दम लागलाय. डॉक्टर येऊन गेले. तुझंच नाव काढत्यात, ये बाई लवकर."

दोघं निघाली. रस्त्यावर पाणी होतंच, पण बाईंच्या जिवाला त्याची काळजी नव्हती. त्याच्यासाठीच तर गाडी घेतली होती. दत्तप्रसाद मात्र वाटभर सारखा आभाळाकडं बघत होता. पाणंदीच्या तोंडाशी त्यानं गाडीचा वेग कमी केला.

"आपण जरा थांबूया का? पाऊस उघडू दे."

"थांबायचं कशाला? फोर लावा की."

आणि त्यानं दांडा ओढला. हे लक्षात ठेवा. बायकोच्या डोळ्यांदेखत ओढला आणि तोंडात गुळणी धरून बसला.

पहिला चढ कसाबसा निघाला. दुसऱ्याला मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि जीप फडाच्या कडेला कलली. पुढची चाकं ढिम्म. तो रेस करत राहिला, चिखल पार काचेवर आला. वैरणीचा भारा घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला, वाकून खाली बघितलं, आणि खिडकीशी आला.

"पावणं, ह्याला म्होरला शाफ्टच न्हाई की. पुढच्या चाकाला जोर येनार कुठनं?"

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"मीच काढून ठिवलाय," तो स्टेअरिंगकडं बघत म्हणाला. "लिटरमागं दीड-दोन किलोमीटर जास्त पडतं गं. सगळेच काढत्यात. पूर काय रोज येतोय?"

बाईंनी दार उघडलं. खाली उतरल्या, साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि चालू लागल्या. माळावरून मुरगूडची घरं दिसत होती. दिसत होती आणि जवळ येत नव्हती. मागनं तो हाका मारत होता. त्या पोचल्या तेव्हा तानाबाई दारातच बसली होती. बाईंना बघून ती बाजूला सरकली.

"शेवटपत्तर इचारत होत्या," रात उलटल्यावर तानाबाई म्हणाली. "सरूची गाडी आली का बघ म्हणायच्या. पाण्यातनं येती तिची गाडी."

गणपतीच्या आधी दत्तप्रसाद माळ्यावर चढला आणि पोत्यात गुंडाळलेलं एक लांबलचक जड लोखंड घेऊन उतरला.

"बघ, टाकलेला न्हाई मी. जपून ठिवलाय," तो म्हणाला. हे आपल्या बाजूनं धरलं जाईल असं त्याला खरोखर वाटत होतं. "गौसच्या गॅरेजला नेतो, आजच बसवील. मग म्हणशील तिथं जाऊ."

बाई पोत्याकडं बघत राहिल्या. गणपतीची आरास उतरवताना वरसाला हेच पोतं त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला सारलं होतं. फौंड्रीतलं काहीतरी असेल म्हणून कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

"म्हणशील तिथं?" त्या म्हणाल्या. "आता कुठं म्हणू?"

गौसनं शाफ्ट बसवला. जीप आता कुठल्याही चिखलातून जाते, असं दत्तप्रसाद येईल त्याला सांगतो. बाई शाळेला केएमटीच्या बसनं जातात.