लेम्पी हिएतालाच्या टेपा

लेम्पी हिएताला ऐटाला गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. गुरुवारचं तिच्या हातचं वाटाण्याचं सूप खाल्लं नाही असं पन्नाशीच्या आतलं माणूस गावात शोधून सापडलं नसतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही विणकाम घेऊन बसेल. लेम्पीने मात्र म्हाताऱ्यांची बोलणी गोळा करायला घेतली.

तांब्याच्या खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या. खाणीसाठी ज्यांचे बापजादे फिनलंडहून समुद्र ओलांडून आले, ती फिनिश बोलणारी पिढी एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत मुक्कामाला जात होती. त्यांची फिनिशही अजबच, निम्मी इंग्रजी. मोटारीला 'कारा' म्हणायचे, घराला 'हाउसी'. खुद्द हेलसिंकीहून आलेला पाहुणा ऐकून डोकं खाजवायचा. ही बोली आपल्यामागे कोण बोलणार, असं लेम्पी भेटेल त्याला विचारायची. मग दारूबंदी मंडळाच्या जुन्या सभागृहामागे एक खोली होती, तिथे तिने कॅमेरा लावला, टेबलावर वेलदोड्याचा पाव आणि कॉफी मांडली आणि म्हाताऱ्यांना बोलावलं. पहिला कप संपेपर्यंत ते लाजायचे. दुसऱ्या कपानंतर त्यांना आवरणं कठीण जायचं.

हे सगळं ती हार्ड डिस्कवर साठवायची. एक भरली की कपाटात ठेवायची आणि दुसरी आणायची. शेकडो तासांचं बोलणं त्या कपाटात होतं. लेम्पीच्या मते ठेवलं म्हणजे राहिलं. बरणीतला मुरांबा राहतो तसं.

त्या वर्षी वसंतात साइमी निस्कानेन गेली. तिचा नवरा उर्हो नव्वदीचा, एके काळचा लाकूडतोड्या. हिवाळ्यात चार शब्द बोलला तर दोन उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा, असं त्याच्याबद्दल गावात म्हणत. त्याच्या वाटचंही साइमीच बोलायची. बर्फ वितळल्यावर तो टोपी हातात घेऊन लेम्पीच्या खोलीत आला.

"साइमीने तुला सांगितलंय ना, आमचं कसं जमलं ते? मला ऐकायचंय. घर फार गप्प झालंय."

लेम्पीने कपाट उघडलं, जुनी डिस्क काढून जोडली. आतून टिकटिक ऐकू आली आणि मग काहीच नाही. तिने वायर बदलली, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली. नुसती टिकटिक.

"यंत्र रुसलंय," लेम्पी हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "दुरुस्त करून आणते."

बिघडलेल्या डिस्कांमधलं काढून देणाऱ्या एका कंपनीकडे तिने ती पाठवली. आतली तबकडी खरवडली गेली आहे, काही हाती लागणार नाही, असं उत्तर आलं. दुसरी प्रत लेम्पीने कधी केलीच नव्हती.

हे फोनवर सांगायचा तिला धीर होईना. शनिवारी दुपारी ती उर्होच्या घरी गेली. तो सॉनासाठी, वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत होता. तिला बघून कुऱ्हाड ठेवून त्याने तिला आत नेलं.

"बस. कॉफी टाकलीय. असा चेहरा का? कोण गेलं?"

"साइमीचं बोलणं गेलं, उर्हो. डिस्क मेली. माझ्याकडून गेलं."

म्हाताऱ्याने तिच्यापुढच्या कपात कॉफी ओतली.

"म्हणजे दोनदा गेली म्हणायची," तो म्हणाला.

लेम्पीला रडू कोसळलं. उर्होने तिच्यापुढचा कप जरा बाजूला सरकवला. "रडू नकोस गं. कॉफी खारट होईल." आणि थोड्या वेळाने, "तसंही निम्मं खोटंच सांगायची ती."

दारूबंदी मंडळाच्या पुढच्या बैठकीत लेम्पीने विषय काढला. मंडळाचा अध्यक्ष रेइनो कल्लिओ जन्मभर बर्फ हटवायचा ट्रक चालवून निवृत्त झालेला. सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एकच उपाय असायचा, आणखी मोठं यंत्र.

"मोठी डिस्क घे की! नाहीतर ते क्लाउड. माझ्या सुनेचे सगळे फोटो तिथेच असतात."

"दर महिन्याचं भाडं कोण भरणार? आपण गेल्यावर?"

"आपण गेल्यावर आपल्याला कोण विचारतंय!"

"हेच तर म्हणतेय मी, रेइनो. आपण गेल्यावर विचारतील."

रेइनोने मान खाजवली. "शाळेत असताना तू पोरांच्या वाटीत अशीच पुन्हा सूप ओतायचीस. नको म्हणायची सोय नाही."

लेम्पी तळ्यापलीकडच्या कॉलेजात डोरीन पेनहेलला भेटायला गेली. डोरीन तिथले संगणक सांभाळायची. तिचे आजोबाही खाणीतलेच, पण कॉर्नवॉलहून आलेले इंग्रज. फिनिश लोकांना सॉनाखेरीज काही कळत नाही असं ती तोंडावर सांगायची, आणि लेम्पीही तिला पेस्टीवरून, त्यांच्या मांस-बटाटा भरलेल्या करंजीवरून, परत चिडवायची.

"रोज उघडायचंय की ठेवून द्यायचंय?" डोरीनने विचारलं.

"वर्षातून कुणीतरी एखादं मागतं. पण मागेल तेव्हा मिळायला हवं."

"मग टेप घे."

"टेप? कॅसेटची?" लेम्पीला वाटलं, ही थट्टा करतेय.

"तशीच, पण आता एका कॅसेटमध्ये तुझं सगळं गाव मावेल. डिस्क फिरत नाही राहिली तर अडकते. पेन ड्राइव्ह तर विसरूनच जा. टेपला फडताळावर वीज लागत नाही, कोरड्या थंड जागेत तीस वर्षं पडून राहते. कॅसेट स्वस्त असते. लिहायचं यंत्र मात्र भयंकर महाग."

लेम्पीचा चेहरा उतरला. डोरीन खुर्चीत मागे रेलली.

"ते यंत्र तुला कशाला हवंय? आमच्याकडे आहे, आठवड्यातले चार दिवस झोपून असतं. कॅसेटी तुझ्या, यंत्र आमचं. पण एक ऐक. ठेवून विसरायचं असं काहीच नसतं. तीन प्रती कर, तीन जागी ठेव. वर्षाला एकदा वाचून बघ. आणि आठ-दहा वर्षांनी नव्या टेपेवर उतरव, कारण पुढची यंत्रं जुन्या टेपा वाचत नाहीत."

लेम्पी एकदम हसली. "विरजण आहे हे! माझ्या आजीने विलीचं, आमच्या दह्याचं, विरजण रुमालात वाळवून फिनलंडहून आणलं. आज माझ्या घरात तेच लागतंय. मध्ये एकदा नासलं, तेव्हा शेजारणीला दिलेलं परत आणलं होतं."

"तुम्हा लोकांना सगळं खाण्यातनंच का समजतं?" डोरीन म्हणाली, आणि तिच्यासाठी आठवड्यातला बुधवार राखून ठेवला.

उन्हाळाभर लेम्पी बुधवारी कॉलेजात जायची. शाबूत राहिलेल्या सगळ्या डिस्का टेपेवर उतरल्या. एक संच डोरीनच्या कोरड्या खोलीत, एक गावच्या वाचनालयात, आणि तिसरा रेइनोने स्वतः गाडीतून डुलुथ शहरात लेम्पीच्या बहिणीकडे नेला. "यंत्र नाही तर निदान चाकं तरी माझी," तो म्हणाला.

पानं पिकायला लागली तेव्हा उर्हो पुन्हा खोलीत आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती. तो कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला.

"लाव तुझं ते. साइमीने काय सांगितलं ते मी सांगतो."

"तुम्हाला आठवतंय?"

"सत्तर वर्षं ऐकलंय मी ते. न आठवून सांगतो कुणाला?"

आणि जन्मभर गप्प राहिलेला तो म्हातारा बोलायला लागला, चक्क साइमीच्या ढंगात. मान तिरकी करून, शेवटचा शब्द लांबवून. नाचाच्या दिवशी तो तिच्या नव्या बुटांवर कसा तीनदा पाय देऊन उभा राहिला, मग लाजून बाहेर पळाला, आणि बर्फात बसलेला दिसला म्हणून ती कॉफी घेऊन गेली. "मी म्हटलं, अरे गोठशील! तर हा म्हणतो, मला गरमच होतंय!" उर्हो साइमीच्या आवाजात खिदळला. मग थांबून स्वतःच्या आवाजात म्हणाला, "दोनदाच दिला होता पाय. तीनदा नाही. हेही राहू दे त्यात."

लेम्पीने डोळे पुसले आणि ते राहू दिलं.

त्या बुधवारी ते बोलणं टेपेवर चढलं, तिन्ही प्रतींत. उर्होला मात्र ते ऐकायची घाई नव्हती. दर शुक्रवारी तो येऊन बसायला लागला. कधी साइमीची एखादी म्हण, कधी शेजाऱ्याशी झालेलं भांडण, कधी तिचं बटाटे विकत घेताना घासाघीस करणं. दारातूनच सांगायचा, "आज एक आठवली," आणि लेम्पी कॉफी ओतायची.